चार कोअरांची झुंज कशी लावावी

अमरावती-अकोल्यात प्रत्येक गोतावळ्यात एक माणूस असा असतो, की कुणालाही कॉम्प्युटर घ्यायचा झाला की आधी त्याला फोन जातो. त्याच्याकडे स्वतःचा कॉम्प्युटर असेलच असं नाही. असला तर तो सुरू असेलच असं नाही. पण इंटेल घ्यावा की एएमडी, यावर त्याचा शब्द शेवटचा. लग्नात त्याला पहिल्या पंगतीला बसवतात आणि मठ्ठा येईपर्यंत तो नवरदेवाच्या काकांना हायपरथ्रेडिंग समजावून सांगतो. हा मान तुम्हालाही मिळू शकतो. पदवी लागत नाही, स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही, वीज तर अजिबात लागत नाही. आवाज मोठा हवा, आणि खालच्या पायऱ्या पाठ हव्यात.

विषय मात्र मुद्दाम चार कोअरच्या महागड्या डेस्कटॉप प्रोसेसरांचाच धरा. २००७ ते २०१७ अशी दहा वर्षं इंटेलकडे चार कोअर म्हणजे आपल्यासारख्या गिऱ्हाइकाच्या ऐपतीची कमाल होती. आता सोळा कोअरही दुकानात मिळतात, पण त्यांच्यावर बोलायचं तर नवं काहीतरी वाचावं लागतं. जुन्या चिपांचं तसं नाही. मोठ्या शहरांतली ऑफिसं त्या मोडीत काढतात, त्या सेकंडहँड होऊन आपल्याकडे येतात, आणि त्यांच्यावरचं भांडण त्यांच्यासोबत फुकट येतं.

१. आधी बाजू घ्या, तुलना मागाहून करा

तुलना म्हणजे दोन्हीकडचं पाहणं, असं नवशिक्यांना वाटतं. वाटू द्या, वय आहे. तुम्ही आधी बाजू घ्या. वडिलांच्या दुकानात पेंटियम फोर होता आणि तो अजून माळ्यावर आहे, एवढं कारण इंटेलवाला व्हायला पुरतं. एएमडीवाला व्हायचं असेल, तर अकोल्यातला साडू इंटेलवाला आहे एवढं बस झालं.

इंटेलच्या बाजूने असाल तर एकच वाक्य घोटून ठेवा: ‘एएमडी गरम होते.’ कोणती एएमडी, कोणत्या सालची, किती गरम, हे कुणी विचारत नाही. विचारलंच तर दया आल्यासारखं हसा. माळ्यावरचा तो पेंटियम फोर २००४ नंतरच्या प्रेस्कॉट जातीचा असेल तर तो स्वतःच उष्णतेसाठी बदनाम होता, ही माहिती माळ्यावरच राहू द्या.

२. वंशावळ पाठ करा

इथे थोडी मेहनत आहे, मन घट्ट करा. इंटेलचा कोअर टू क्वाड क्यू६६०० जानेवारी २००७ मध्ये आला. वेग २.४ गिगाहर्ट्झ, टीडीपी म्हणजे उष्णतेचा आकडा १०५ वॉट. पुढे त्याचीच सुधारलेली जी-झिरो आवृत्ती ९५ वॉटवर आली. एएमडीचा फिनॉम त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. आता गंमत अशी, की क्यू६६००च्या झाकणाखाली दोन-दोन कोअरच्या दोन वेगळ्या चकत्या होत्या. या चकतीला त्या चकतीशी बोलायचं तर बाहेर पडून फ्रंट साइड बसच्या रस्त्याने जावं लागे. फिनॉमचे चारही कोअर एकाच चकतीवर. म्हणजे इंटेलचे चार भाऊ वाटणी होऊन दोन वाड्यांत, आणि एएमडीचे चौघे एकाच वाड्यात, एका चुलीवर. एएमडीने ‘अस्सल चार कोअर ते आमचेच’ म्हणून डंका पिटला.

एकत्र कुटुंब जिंकायला पाहिजे होतं. जिंकलं नाही. वाटणी झालेले भाऊ बहुतेक कामांत पुढे राहिले, आणि एका चुलीवाल्यांच्या पहिल्या तुकडीत टीएलबी नावाच्या भागात दोष निघाला. बायोसमधून तो झाकला की दोष जायचा, पण त्यासोबत वेगही जायचा. मार्च २००८ मध्ये दुरुस्त चिपा आल्या, त्यांच्या क्रमांकाच्या शेवटी ५० लागलं: ९७५०, ९८५०.

ही सगळी हकिकत एका मिनिटात सांगून होते. तुम्ही पाऊण तास घ्या. मध्येच थांबून समोरच्याला विचारा, ‘समजून रायलं ना?’ आणि एक हत्यार राखून ठेवा: २०१७ मध्ये इंटेलनेच एएमडीच्या सर्व्हर चिपांना ‘डेस्कटॉपच्या चकत्या चिकटवून केलेल्या’ म्हणून हिणवलं होतं. दहा वर्षांत टोमणा तोच राहिला, मारणारा बदलला. त्यामुळे तो कोणत्याही बाजूने मारता येतो, फक्त साल सांगू नका.

३. कोअर मोजू नका

२०११ मध्ये एएमडीने एफएक्स-८१५० आणला आणि तो आठ कोअरचा म्हणून विकला. आत चार मॉड्यूल, प्रत्येकात दोन कोअर, पण दशांश अपूर्णांकांचं गणित करणारा भाग दोघांत मिळून एक. मग हे आठ की चार? प्रश्न अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या कोर्टात गेला आणि २०१९ मध्ये एएमडीने १ कोटी २१ लाख डॉलर मोजून तडजोड केली. कोर्टालाही जे मोजायची वेळ आली नाही, ते तुम्ही अमरावतीच्या राजकमल चौकात गिला वडा खाता खाता मोजायला जाऊ नका. ‘चार आहेत’ म्हणा, सॉस मागा.

४. वॉटचा आकडा फेका, अर्थ सांगू नका

तज्ज्ञ ओळखायची खूण म्हणजे तो वॉटमध्ये बोलतो. हे आकडे खिशात ठेवा. नोव्हेंबर २००८चा कोअर आय७-९२०: १३० वॉट. ऑगस्ट २००९चा फिनॉम टू एक्स४ ९६५: १४० वॉट. त्याच्या पुढच्याच महिन्यातला कोअर आय५-७५०: ९५. जानेवारी २०११चा आय७-२६००के: ९५. २०१२चा आय७-३७७०के: ७७. २०१३चा ४७७०के: ८४. २०१५चा ६७००के आणि २०१७चा ७७००के: दोन्ही ९१. हे सगळे एका दमात म्हणा. समोरचा माणूस कापसाचे भाव ऐकत मोठा झालेला असतो. त्याला आकड्यांचा आदर आहे, तो मध्ये बोलणार नाही.

आता घातक माहिती, जी फक्त तुमच्यापाशी ठेवायची. टीडीपी हा आकडा मुळात तुमच्या मीटरसाठी काढलेला नाही. चिपेतून किती उष्णता बाहेर काढावी लागेल, हे हीटसिंक बनवणाऱ्याला कळावं म्हणून तो असतो. दोन्ही कंपन्या तो एकाच पद्धतीने काढत नाहीत. त्यामुळे इंटेलचे ९५ आणि एएमडीचे १२५ शेजारी मांडून वजाबाकी करणं शास्त्राला धरून नाही. तुम्ही खुशाल करा. वजाबाकीशिवाय लोकांना तुलना झाल्यासारखी वाटत नाही.

प्रामाणिकपणे मोजायचंच म्हटलं तर भिंतीच्या सॉकेटात मीटर लावून मोजावं लागतं. पण मग त्यात मदरबोर्ड येतो, रॅम येते, हार्डडिस्क येते, पंखे येतात, आणि मुख्य म्हणजे या सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, एसएमपीएस येतो. ८० टक्के कार्यक्षमतेच्या एसएमपीएसला आत १०० वॉट पोचवायला भिंतीतून १२५ ओढावे लागतात. मधले २५ कॅबिनेटच्या मागच्या जाळीतून गरम हवा होऊन निघून जातात. म्हणजे ज्या फरकावरून दोन मित्र वर्षभर बोलत नाहीत, जवळपास तेवढी वीज तो डबा एकटा खातो. आणि आपल्याकडे हा डबा कसा घेतला जातो? सगळं कोटेशन झाल्यावर दुकानदार विचारतो, ‘एसएमपीएस कोणता टाकू?’ आणि तीस वॉटसाठी तीन महिने चौकशी केलेला माणूस म्हणतो, ‘टाका कोणताही. ४५० लिहिलं असलं म्हणजे झालं.’

५. बिलाचं गणित लावा

समजा, एकाने फिनॉम टू ९६५ घेतला आणि दुसऱ्याने आय५-७५०. कागदावरचा फरक ४५ वॉट. दोघांनीही रोज चार तास, चारही कोअर घाम फुटेपर्यंत राबवले असं धरा. महिन्याला फरक ५.४ युनिट. खरं तर तेवढाही पडत नाही, कारण माणूस स्क्रीनकडे पाहत विचार करत बसला की फिनॉम टू आपोआप ८०० मेगाहर्ट्झवर येऊन लोळतो. इंटेलवालाही तसाच लोळतो. दिवसाचा बहुतेक वेळ ही झुंज दोन झोपलेल्या पहिलवानांची असते.

५.४ युनिट ऐकून कुणी घाबरणार नाही, म्हणून स्लॅब काढा. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी, १०१ पासून ३०० पर्यंतचा त्याहून जास्त. ज्याचं बिल ९८ युनिटांवर थांबतं त्याच्याकडे रोखून बघा आणि म्हणा, ‘भाऊ, एएमडी घेतला की स्लॅब बदलला समजा.’ वरचा दर फक्त शंभराच्या वर गेलेल्या ३.४ युनिटांनाच लागतो, हे त्याला ठाऊक असतं तर तो तुमच्याकडे आलाच नसता.

हे गणित चालू असताना खिडकीतला डेझर्ट कूलर बंद करायला सांगा. आवाजासाठी नव्हे. साधारण दोनशे वॉटचा तो कूलर दहा तास चालला की महिन्याला ६० युनिट होतात, आणि समोरच्याची नजर चुकून तिकडे गेली तर तुमचे ५.४ कुठे तोंड दाखवणार?

हिशेबात भव्यता आणायची असेल तर पारसला जा. अकोला जिल्ह्यातल्या पारसच्या औष्णिक केंद्रात २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. एकूण ५०० मेगावॉटला १४० ने भागा: एकाच वेळी पस्तीस लाखांहून जास्त फिनॉम टू. या आकड्याचा कशालाच उपयोग नाही. सांगितल्यावर मात्र क्षणभर शांतता होते, त्या शांततेत चहा मागवून घ्या. पैसे समोरचा देतो.

६. बेंचमार्क दाखवा

वेगाचा पुरावा म्हणून सिनेबेंच दाखवायचा असतो. यात एक त्रिमितीय चित्र असतं. सगळे कोअर मिळून ते तुकड्यातुकड्याने रंगवतात, आणि किती लवकर रंगवलं त्यावर गुण मिळतात. काम चारही कोअरांत नीट वाटलं जातं, म्हणून चार कोअरवाला शोभून दिसतो. तुमच्या गिऱ्हाइकाचं कृषी केंद्र असेल, तर युरियाच्या गोण्या मोजता मोजता दिवसातून किती त्रिमितीय चित्रं रंगवावी लागतात, हे त्याला विचारू नका. त्याला टॅली चालवायची आहे, सातबाराची प्रिंट काढायची आहे, कृतीदेवमध्ये अर्ज टाइप करायचा आहे. या कामांना एक कोअर चपळ असला की भागतं. उरलेले तीन बाजूला बसून बघतात.

तुमचा प्रोसेसर तीन टक्क्यांनी पुढे असेल तर आलेख शून्यापासून काढू नका. नव्वदपासून काढा, तीन टक्के उंच दिसतात. तीन टक्क्यांनी मागे असेल तर आलेख फाडा आणि म्हणा, ‘बेंचमार्कमधी काय असते भौ? खरा अनुभव पाह्यला पाह्यजे.’

एक माणूस या चर्चेपासून लांब ठेवा: लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करणारा. चार कोअर खरोखर कामाला लावणारा गावातला तोच. लग्नसराईत त्याच्याकडे पाच-पाच लग्नांचं फुटेज पडलेलं असतं, एडियसमध्ये रात्रभर रेंडर चालतं आणि दहा टक्के वेग म्हणजे त्याच्या तासाभराच्या झोपेचा प्रश्न असतो. त्याचं मत खरं मोलाचं आहे. पण तो मत देत नाही. विचारायला गेलात तर स्क्रीनवरून नजर न काढता म्हणेल, ‘जे लवकर रेंडर करन ते चांगलं. सरका तिकडे, पार्टी येऊन रायली.’ अशाने तज्ज्ञ होता येत नाही.

एसएसडीचं तर नावही काढू नका. जुन्या हार्डडिस्कच्या जागी ती टाकली की रडतखडत सुरू होणारा कोणताही खटारा टुणकन सुरू होतो, मग प्रोसेसर इंटेलचा असो वा एएमडीचा. अशा वस्तूमुळे घराघरांतली चर्चा बंद पडते.

७. उन्हाळ्याची तयारी

परदेशात प्रोसेसर तपासतात ते वीस-पंचवीस अंशांच्या थंड खोलीत. त्या निकालांवर विश्वास ठेवून आपण ते टिनाच्या छपराखालच्या झेरॉक्स सेंटरमध्ये लावतो. फिनॉम टू ९६५ साठी एएमडीने कमाल तापमान ६२ अंश सांगितलं होतं. युरोपातल्या माणसाला ६२ पर्यंत पोचायला चाळीस अंशांचा ऐसपैस रस्ता आहे. अकोल्यात मे महिन्यात दुपारी तीन वाजता दुकानातच पारा चाळीसवर असतो, उरतात बावीस. कॉम्प्युटर सुरू करायच्या आधीच दोन तृतीयांश प्रवास झालेला असतो. इंटेलच्या चिपा शंभराच्या आसपास पोचेपर्यंत तग धरतात आणि मग स्वतःहून वेग कमी करतात. डब्यावर ३.४ गिगाहर्ट्झ लिहिलं असेल, पण ते सकाळी नऊच्या आधीचं समजावं.

मे २०२४ मध्ये अकोल्यात ऊन इतकं तापलं, पारा ४५च्या वर गेला, की जिल्हाधिकाऱ्यांनी कलम १४४ लावलं. आपल्या समजुतीप्रमाणे १४४ म्हणजे पाच जणांनी एकत्र जमायचं नाही. चार कोअर कायद्यात बसतात. सहा कोअरवाल्यांनी वकिलाचा सल्ला घ्यावा.

इथे तुम्हाला एक कूट वाक्य लागेल: ‘वॉट कमी, ताप जास्त.’ हे खरंही आहे. आय७-३७७०के फक्त ७७ वॉटचा, तरी ओव्हरक्लॉक केला, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवला, की आधीच्या ९५ वॉटच्या २६००के पेक्षा जास्त तापायचा. चकती लहान झाली होती, आणि झाकण व चकती यांच्यामध्ये आधी जिथे डाखण असायचं तिथे इंटेलने पेस्ट भरली होती. हौशी लोक ब्लेड घालून झाकण उघडत, आतली पेस्ट बदलत. चिप वाचली तर दहा-पंधरा अंश कमी होत. न वाचली तर सगळेच अंश कमी होत. पुढे ७७००के च्या तापमानाबद्दल २०१७ मध्ये तक्रारी झाल्या, तेव्हा इंटेलने सल्ला दिला की ओव्हरक्लॉक करू नका. नावातलं ‘के’ अक्षर ओव्हरक्लॉकची मोकळीक म्हणूनच लावलेलं असतं, आणि त्याच मोकळीकीचे जास्त पैसे घेतलेले असतात. या विसंगतीवर तुम्ही हसू नका. तज्ज्ञाने गंभीर राहावं.

थंड ठेवण्याचे स्थानिक उपाय असे. जिनिंगच्या जवळ दुकान असेल तर हीटसिंकमध्ये कापसाचे तंतू शिरून आपोआप गादी तयार होते. तिला हात लावू नका, दिवाळीला दुकानदार ब्लोअर मारून देईल. कॅबिनेट कूलरच्या तोंडासमोर ठेवा. पूर्णेच्या खोऱ्यातला, म्हणजे खारपाणपट्ट्यातला रहिवासी असाल तर कूलरच्या पाण्यातलं मीठ ओल्या हवेसोबत मदरबोर्डावर जाऊन बसेल. काही महिन्यांनी पांढरा थर दिसला की सगळ्यांना बोलावून दाखवा आणि म्हणा, ‘पाहा. म्हणलं होतं न मी, एएमडी गरम होते.’

८. लाइन गेली तर

लाइन गेल्यावर दोन्ही प्रोसेसरांचा वेग शून्य आणि वीजवापरही शून्य, म्हणजे बरोबरी. क्यू६६०० आणि फिनॉमची झुंज ऐन भरात होती तेव्हा, २००७-०८ मध्ये, राज्यभर भारनियमन होतं आणि अशा बरोबरीचे तास रोज मिळत. मोठे मोठे वाद तेव्हाच झाले. काम करायला काही नसल्याशिवाय प्रोसेसरवर बोलायला माणसं जमत नाहीत.

खरं म्हणजे वॉट कमी असण्याचा हाताला लागणारा फायदा कुठे असेल तर तो इथे आहे. ६०० व्हीएच्या छोट्या यूपीएसवर कमी खाणारी मशीन दोन-चार मिनिटं जास्त तग धरते. तेवढ्यात एंट्री सेव्ह होते, मशीन नीट बंद करता येते. मुद्दा चांगला आहे, पण मांडू नका. समोरच्याच्या यूपीएसची बॅटरी मागच्याच वर्षी मेलेली असते. तो नुसता टूंटूं करतो आणि त्या टूंटूंलाच घरचे बॅकअप समजतात.

९. भाव काढायला अकोल्याला जा

अमरावतीत भाव काढला की तो महाग वाटला पाहिजे. मग अकोल्याला जा. अकोल्याचे असाल तर अमरावतीला या. रस्ता आता उत्तम आहे: जून २०२२ मध्ये याच महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला होता. तुमची खरेदी त्याहून जास्त वेळ घेईल, पण तुमची नोंद कुणी ठेवत नाही. दोन-तीनशे रुपये वाचवून घरी परत या, पेट्रोल वेगळं धरा, मूर्तिजापूरला थांबून खाल्लेलं त्याहून वेगळं. वाटेत एखाद्या शहाण्या मित्राला फोन लावून विचारा, ‘काहून बे, तुले किती लागले होते?’ त्याला कमी लागले असतील तर नेटवर्क जातं.

मदरबोर्ड घेताना ‘पुढे अपग्रेड करता येईल’ हे वाक्य दुकानदाराआधी तुम्ही म्हणा. इंटेलने सात वर्षांत ११५६, ११५५, ११५०, ११५१ अशी चार सॉकेटं बदलली, त्यामुळे एएमडीवाल्यांचा हा हुकमी एक्का. त्यांची सॉकेटं खरोखर जास्त टिकतात. त्यात दुसरा प्रोसेसर आयुष्यात कधी बसवलेला माणूस शोधून आणायची जबाबदारी मात्र घेऊ नका.

१०. आय३ समोर आला तर पळ काढा

तज्ज्ञाच्या वाटेवरचा हा सगळ्यात अवघड प्रसंग. मी तुमच्यासोबत आहे, मनाने. वर्षानुवर्षं आय७ म्हणून, दीडपट-दुप्पट पैसे घेऊन जे विकलं गेलं, ते चार कोअर आठ थ्रेड. २०१७ मध्ये एएमडीने रायझेन आणला, वर आठ कोअर दिले, आणि इंटेलला इतकी वर्षं न सुचलेले जास्तीचे कोअर त्याच वर्षी सुचले. ऑक्टोबर २०१७ मध्ये इंटेलचा स्वस्तातला आय३-८१०० आला तो चार कोअरचा. २०२० मध्ये आय३-१०१०० आला: चार कोअर, आठ थ्रेड, ३.६ ते ४.३ गिगाहर्ट्झ, ६५ वॉट. आता २०१७चा आय७-७७०० काढून बघा: चार कोअर, आठ थ्रेड, ३.६ ते ४.२, ६५ वॉट. कॅश दोन एमबी कमी आणि स्टिकर वेगळं, एवढंच.

ज्याने २०१७ मध्ये कापसाचे पैसे आले तेव्हा पोरासाठी आय७ घेतला, त्याच्या घरी चहाला बसून हे सांगायचं नसतं. त्याला म्हणा, ‘आय७ तो आय७च, भाऊसाहेब.’ हे खोटं नाही. आय३ तो आय३च, हेही खोटं नाही.

एएमडीनेही २०२० मध्येच रायझेन ३ ३१०० आणि ३३००एक्स आणले. दोन्ही चार कोअर, आठ थ्रेड, ६५ वॉट. पण ३१०० मध्ये कोअर दोन-दोनच्या दोन गटांत, ३३००एक्स मध्ये चारही एका गटात. म्हणजे पुन्हा तेच वाडे, आणि या खेपेला एका चुलीवाले जिंकले. तेरा वर्षांनी का होईना. तुम्ही दुसऱ्या पायरीवर उलटं सांगितलेलं कुणाच्या लक्षात असेल तर ‘आर्किटेक्चर’ एवढा एकच शब्द बोलून पानठेल्याकडे वळा.

११. विंडोज ११

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा पाठिंबा थांबवला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलची आठवी पिढी व त्यापुढचे प्रोसेसर, एएमडीचे साधारण रायझेन २००० पासूनचे. म्हणजे क्यू६६००, फिनॉम, फिनॉम टू, २६००के, ३७७०के, ७७००के आणि पहिल्या पिढीचे रायझेनही, सगळे एका रांगेत दाराबाहेर. ज्यांच्यापायी साडू-साडू बोलेनासे झाले होते ते आता एकाच भंगाराच्या टोपलीत शेजारी-शेजारी. यादीत आत कोण? आय३-८१००. ज्या वर्षी ७७००के घेतला, त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास आलेला.

यावर तोडगा आहे. गावातला पोरगा ‘करून देतो’ म्हणून पेनड्राइव्ह घेऊन येतो आणि ७७००के वरही विंडोज ११ टाकून देतो. त्याच्याकडे लक्ष ठेवा. चार-पाच वर्षांत लोक तुमच्याऐवजी त्याला फोन लावतील.

१२. शेवटी ‘कोणता घेऊ?’ विचारलं तर

हा प्रश्न येणारच, आणि इथेच कच्चे तज्ज्ञ घसरतात. ते उत्तर देतात. नाव सांगितलं, त्याने ते घेतलं, आणि उद्या त्याचा माउस जरी बिघडला तरी फोन तुम्हालाच.

तुम्ही फक्त म्हणा, ‘थांब. दिवाळीले नवीन येऊन रायले.’ दिवाळीत म्हणा, ‘पाडव्यापर्यंत थांब, भाव पडतात.’ पाडव्याला म्हणा, ‘आता उन्हाळ्यात कायले घेतं बाप्पा, पावसाळा लागू दे.’ दोन्ही कंपन्या दर वर्षा-दीड वर्षाला काहीतरी नवं काढतातच, त्यामुळे हा सल्ला कधीच चुकत नाही. या काळात तो माणूस कंटाळून एके दिवशी एकटाच दुकानात जाईल, दुकानदार जे काउंटरवर असेल ते बांधून देईल, आणि महिन्याभरात त्याची टॅली, पोराचा प्रोजेक्ट, बायकोच्या बचत गटाचा हिशेब, सगळं बिनबोभाट सुरू होईल. तेव्हा त्याच्या घरी जा. कॅबिनेटच्या मागे हात लावून बघा, भुवया उंचवा, आणि विचारा, ‘हे कोणी देल्लं बे तुले?’